बापले दख

के. आसिफ यांचा ‘मुघल-ए-आझम’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यातलं अर्धंअधिक मला कळलं नव्हतं. जेवढं कळलं, ते एका पिंजाऱ्याने कानात सांगितलं म्हणून. पुढे हा चित्रपट मी वीस-बावीस वेळा तरी पाहिला असेल. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, अकबरावर मिळेल ते वाचलं. तरी पडद्यावर बादशाह दिसला की आजही तो आवाज आधी ऐकू येतो. पानाचा वास असलेला, थोडा घोगरा, अहिराणीतला.

साल १९७७, दत्तजयंतीचे दिवस. सारंगखेड्याची यात्रा आमच्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. शहादा तालुक्यात तापीच्या काठावर एकमुखी दत्ताचं देऊळ आहे. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला तिथे यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार लागतो. आता या बाजाराचा ‘चेतक फेस्टिव्हल’ झाला आहे, लांबलांबचे लोक गाड्या घेऊन येतात. आमच्या लहानपणी लोक बैलगाड्यांनी यायचे. गाडीखालीच चूल मांडायचे, तिथेच झोपायचे. घोड्यांच्या रांगा, लगामांची नि जिनांची दुकानं, रेवडी, भांडी, पाळणे आणि यात्रेच्या एका टोकाला सिनेमाचा तंबू.

माझे वडील, आप्पा, सिनेमाच्या विरोधात होते असं नाही. पैशांच्या विरोधात होते. कोरडवाहू सात एकर, कापूस नि ज्वारी. यात्रेत आम्ही आलो होतो ते बैलांच्या घुंगरमाळा आणि घरातलं वर्षाचं किडूकमिडूक घ्यायला. मी तंबूसमोर उभा राहून त्या मोठ्या रंगीत पोस्टरकडे बघत होतो. दाढीवाला, मुकुट घातलेला माणूस. त्याच्या डोळ्यांत इतका राग होता की मला नजर काढता येईना. आप्पांनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा हात धरून ओढलं.

तेवढ्यात मागून चाचा आले. गावात त्यांना सगळे ‘चाचा’च म्हणत, आप्पासुद्धा. ते पिंजारी. दसरा झाला की खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे. एखाद्या ओसरीवर बसले की तातीचा तो ‘तुंई तुंई’ आवाज सगळ्या गल्लीला ऐकू यायचा आणि आम्ही पोरं गोळा व्हायचो. दाबून दाबून दगड झालेला गादीतला कापूस त्यांच्या तातीवर चढला की हवेत फुलून यायचा. दुपारपर्यंत त्यांच्या भुवया, पापण्या, कानावरचे केस सगळं पांढरं झालेलं असायचं. यात्रेत ते रजया विकायला आले होते.

“आप्पा, पोऱ्याले मी लई जास,” ते म्हणाले. मुलाला मी घेऊन जातो. आप्पा काही बोलायच्या आत त्यांनी दोन तिकिटं काढली होती.

कनातीच्या आत बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मध्ये दोर. खाली वाळू. बाहेर जनरेटर धडधडत होता. रीळ जुनं, पडद्यावर सतत पावसाच्या रेघा. कानावर पडणारा प्रत्येक शब्द उर्दू. सहावीतल्या, घरात अहिराणी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या पोराला ते कसं कळणार? पहिली पाच मिनिटं मी रडकुंडीला आलो. मग चाचांनी डोकं माझ्याकडे झुकवलं आणि सुरुवात केली.

पडद्यावर तापलेली वाळू होती आणि तिच्यातून बादशाह अनवाणी चालत होता. मूल व्हावं म्हणून तो सलीम चिश्तींच्या दारी निघालेला. मी त्याच्या मुकुटाकडे बघत होतो. चाचांनी माझी हनुवटी बोटाने खाली वळवली. “पाय दख. बादशाहना पाय दख.” मग म्हणाले, पोरगा पाहिजे म्हणून चाललाय, आणि पोरगा झाला की तोच याला रडवणार आहे.

तिथून पुढे तीन तास चाचा थांबले नाहीत. ‘बगावत’ म्हणजे बापावर हत्यार उचलणं. ‘मुजरिम’ म्हणजे ज्याने गुन्हा केला तो. ‘इन्साफ’ सांगताना त्यांनी हाताने तराजू करून दाखवला, कारण पडद्यावर तसाच माणसाएवढा तराजू होता. आमच्या पुढच्या-मागच्या लोकांनी आधी ‘शूऽऽ’ केलं. मग एकाने विचारलं, “काय म्हने तो?” अर्ध्या तासात आमच्याभोवतीच्या आठ-दहा जणांना चाचा अहिराणीतून ‘मुघल-ए-आझम’ सांगत होते. कुणी तक्रार केली नाही.

मी अर्थातच सलीमच्या, बादशाहच्या त्या पोराच्या, बाजूने होतो. अकरा वर्षांच्या पोराने दुसऱ्या कुणाच्या बाजूने असायचं? दिलीपकुमार पडद्यावर आला की माझी छाती फुगायची. सलीमचं जिच्यावर प्रेम होतं त्या अनारकलीला साखळदंडांत पाहिलं तेव्हा मी बादशाहला मनातल्या मनात शिव्या घातल्या. ते चाचांना कसं कळलं कोण जाणे. दर वेळी बाप-लेक समोरासमोर आले की ते माझ्या गुडघ्यावर थापटी मारायचे आणि दोनच शब्द बोलायचे : “बापले दख.” बापाकडे बघ.

मी बघितलं. नाइलाजाने बघितलं. आणि पृथ्वीराज कपूर यांनी त्या चेहऱ्यावर काय काय ठेवलं आहे ते दिसायला लागलं. आवाज गडगडतोय, पण खालचा ओठ थरथरतोय. हुकूम सुटतोय, पण हुकूम सोडल्यावर नजर एक क्षण जमिनीला लागतेय. लोक पृथ्वीराज यांच्या आवाजाची नक्कल करतात. खरं काम त्या आवाजाच्या मागे, तो थांबल्यावर चाललेलं असतं. मोठ्या नटाची मोठी भूमिका म्हणजे काय, हे मला एका पिंजाऱ्याने शिकवलं. नंतर वाचलेल्या कुठल्याही समीक्षेने त्यात फारशी भर घातली नाही.

लढाई सुरू झाली तेव्हाचा प्रसंग मी अजून लोकांना सांगतो. या दृश्यासाठी दोन हजार उंट, घोडदळ आणि आठ हजार सैनिक उभे केले होते, त्यातले बरेचसे भारतीय सैन्यातले खरे जवान, हे मला पुष्कळ नंतर कळलं. त्या रात्री एवढंच झालं की पडद्यावरचे घोडे खिंकाळले आणि बाहेर बाजारात बांधलेले घोडे उत्तर द्यायला लागले. आधी एक, मग रांगच्या रांग. तंबूतल्या माणसांच्या अंगावर काटा आला. आमच्या मागे बसलेला एक घोडेवाला सौदागर उठून उभा राहिला. आपल्या घोड्याचा आवाज त्याने ओळखला होता. तो बाहेर पळाला, आणि घोड्याला थोपटून पुन्हा येऊन बसला.

आणि शीशमहाल. तोवर सगळं काळंपांढरं होतं. अचानक पडदा रंगला. बायकांच्या बाजूने ‘अगं माय’ असा एकच आवाज उठला. आरशा-आरशांत मधुबाला नाचत होती, आणि तंबूच्या मळक्या कापडावर लाल-हिरव्या ठिपक्यांचा पाऊस पडत होता. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत उभारलेल्या त्या एका दालनाला दोन वर्षं लागली. काच बेल्जियमहून आली. आरशांतून उलटणाऱ्या प्रकाशामुळे चित्रीकरण होणारच नाही असं सगळे म्हणत असताना छायालेखक आर. डी. माथुर यांनी ते जमवलं. मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांनी घडवले, भरतकाम सुरत-खंबायतच्या हातांचं, जोडे आग्र्याचे. चाचांना यातलं एक तेवढं ठाऊक होतं. जरीच्या झग्याकडे बोट दाखवून ते म्हणाले होते, हे सुरतेचं काम, आपल्या शेजारचं.

सलीमची आई जोधाबाई आली की चाचा अभिमानाने सांगायचे, ही आपली बाई, मराठी. दुर्गा खोटे. १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’मधली तारामती. पहिल्या मराठी बोलपटातली ती राणी अठ्ठावीस वर्षांनंतर हिंदुस्थानच्या सम्राज्ञीच्या रूपात उभी होती, आणि नवरा की मुलगा या प्रश्नापुढे तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते समजायला उर्दू लागत नव्हती. दोराच्या पलीकडे बायका डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. त्यांना चाचांचा आवाज पोचत नव्हता.

चाचांना हे सगळं तोंडपाठ कसं? परतीच्या वाटेवर, बैलगाडीत, त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते नंदुरबारहून सुरतेमार्गे मुंबईला गेले होते, मदनपुऱ्यात गाद्या भरायला. ५ ऑगस्ट १९६० ला मुंबई सेंट्रलसमोरच्या मराठा मंदिरात ‘मुघल-ए-आझम’ लागला. रिळांच्या पेट्या सजवलेल्या हत्तीवरून आल्या. तिकिटासाठी रांगा अशा की लोक तिथेच झोपत, घरची माणसं डबे पोचवत. चाचा भर पावसात एक रात्र नि एक दिवस त्या रांगेत होते. मग पाच वेळा पाहिला. त्या वर्षभराची जी काही शिल्लक होती तिचा बराच भाग तिथे गेला, असं ते हसत सांगत.

आप्पा गाडी हाकत होते. सगळं ऐकत होते. एक शब्द बोलले नाहीत.

१९८६ साली माझं आणि आप्पांचं फाटलं. मला पुढे शिकायचं होतं, इतिहासच शिकायचा होता. आप्पांना शेतीला हात हवा होता. दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता, सोसायटीचं कर्ज थकलं होतं. ओसरीवर, चार माणसांच्या देखत मी त्यांना असं काही बोललो की ते इथे लिहिण्याचीही माझी तयारी नाही. त्याच संध्याकाळी एसटीने धुळ्याला गेलो. एका दुकानात हिशेब लिहायचे, कॉलेज करायचं, मित्राच्या खोलीवर राहायचं. दीड वर्ष मी गावाकडे फिरकलो नाही. पत्र टाकलं नाही. सलीम झालो होतो आणि त्याचा मला अभिमान वाटत होता.

हिवाळ्यातल्या एका दुपारी खोलीच्या दारात चाचा उभे. खांद्यावर पिंजण नव्हती. बगलेत एक उशी होती, नवी, निळ्या खोळीची. शहाद्याहून धुळ्यापर्यंत एसटीत ती मांडीवर घेऊन आले होते. वय झालं होतं, दम लागत होता. पाणी दिलं. गावच्या गप्पा झाल्या, कुणाचं लग्न, कुणाची म्हैस. आप्पांचं नाव त्यांनीही काढलं नाही, मीही नाही. उठताना उशी माझ्या हातात दिली.

“हाऊ कापूस तुना बापना वावरना शे,” ते म्हणाले. हा कापूस तुझ्या बापाच्या शेतातला आहे. आप्पांनी स्वतः वेचून, सरकी हाताने काढून त्यांच्याकडे दिला होता. पोराच्या डोक्याखाली काही असेल का नसेल, एवढंच म्हणाले होते. पत्ता चाचांनी शोधला.

दारातून वळून ते थांबले. गुडघ्यावर मारायचे तशी थापटी त्यांनी चौकटीवर मारली. “बापले दख.”

मी त्या शनिवारी गावी गेलो. आप्पा खळ्यावर होते. काय बोलणं झालं म्हणाल तर काहीच नाही. मी दोर धरला, त्यांनी पोतं उचललं.

पुढे इतिहास शिकलो, शिक्षक झालो. अनारकली इतिहासात सापडत नाही, हे आता मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. अबुल फजलच्या ‘अकबरनाम्या’त ती नाही, जहांगीरने स्वतः लिहिलेल्या आत्मवृत्तात नाही. ही कथा लिहून ठेवली ती विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने. १६११ मध्ये लाहोरला एक कबर पाहिल्यावर त्याने ती ऐकीव हकीकत नोंदवली. इम्तियाज अली ताज यांचं ‘अनारकली’ हे नाटक त्यानंतर तीनशे वर्षांनी आलं, आणि चित्रपट त्या नाटकावरून. हा फिंच १६१० च्या जानेवारीत सुरतेहून निघाला तो कोणत्या रस्त्याने? नवापूरच्या बाजूने नंदुरबार, थाळनेर, बऱ्हाणपूर आणि मग आग्रा. आपल्या नंदुरबारची नोंद त्याच्या प्रवासवर्णनात आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून घराबाहेर जाऊन उभा राहिलो. अनारकलीची गोष्ट जगाला सांगणारा माणूस आमच्या गावांवरून गेला होता. फिंचनंतर पाच वर्षांनी इंग्लंडचा राजदूत सर टॉमस रो याच वाटेने जहांगीरच्या, म्हणजे चित्रपटातल्या सलीमच्या, दरबारी गेला. अकबराच्या काळात नंदुरबार मुघलांच्या माळवा सुभ्यातलं ‘सरकार’, म्हणजे जिल्ह्यासारखा भाग, होतं.

काही जाणकार या चित्रपटाकडे ‘इतिहास नाही’ म्हणून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. अनारकली बाजूला ठेवा, मग बघा काय उरतं. १५९९ मध्ये अकबराचा मुलगा मुराद वारला. बादशाह दख्खनेत उतरला, बऱ्हाणपूर घेतलं, असीरगडाला वेढा घालून बसला. खानदेश धाकट्या दानियालकडे दिला आणि त्याच्या नावावरून या मुलखाचं नाव ‘दानदेश’ ठेवलं. बाप इकडे असीरगडाखाली असताना तिकडे अलाहाबादेत सलीमने बंडाचं निशाण उभारलं. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला, पण त्या विजयाचं सुख बादशाहला लाभलं नाही, त्याला आग्र्याला परतावं लागलं. १६०२ मध्ये सलीमने अबुल फजलचा खून करवला, बापाचा सगळ्यात जवळचा माणूस. १६०५ मध्ये दानियाल दारूपायी बऱ्हाणपुरात गेला. दोन मुलगे गेलेले, उरलेला एक उलटलेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात अकबर वारला. बऱ्हाणपूर तापीवर. तेच पाणी पुढे सारंगखेड्याला येतं. त्या तंबूत वाळूवर बसून आम्ही ज्या बापाचं दुःख बघत होतो, ते याच नदीच्या वरच्या काठावर घडलेलं होतं. के. आसिफ यांनी घटना बदलल्या. बाप नाही बदलला. म्हणून मी या चित्रपटाला ऐतिहासिक म्हणतो आणि वर्गातही तसंच सांगतो.

चाचांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना सांगायची माझी फार इच्छा होती. १९९२ मध्ये ते गेले. मी नोकरीच्या गावी होतो, मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोवर गादी-कारखान्यांची यंत्रं आली होती आणि त्यांची पिंजण घराच्या आढ्याला टांगलेली होती. तातीवर धूळ बसली होती.

१२ नोव्हेंबर २००४ ला, ऐन दिवाळीत, ‘मुघल-ए-आझम’ पूर्ण रंगीत होऊन पुन्हा लागला. आप्पा तेव्हा सत्तरीच्या पलीकडे होते, त्यांनी तो कधीच पाहिला नव्हता. मी त्यांना नंदुरबारहून रेल्वेने सुरतेला नेलं. थंडगार थिएटर, मऊ खुर्च्या. आप्पांनी चपला काढून खुर्चीखाली सरळ ठेवल्या, जशा देवळाबाहेर ठेवतात. पन्नास वर्षं वावरात राबलेल्या त्यांच्या टाचांच्या भेगा पडद्याच्या उजेडात मला दिसत होत्या.

वाळूतून बादशाह चालायला लागला. आप्पा माझ्या कानाशी आले.

“हाऊ मानूस अनवानी कसाले चाली ऱ्हायना?”

“पोऱ्यासाठे,” मी म्हणालो.

मग तीन तास मी त्यांना अहिराणीतून सांगत बसलो. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी वळून पाहिलं, पण काही बोलल्या नाहीत. बाप-लेक रणांगणावर समोर आले तेव्हा आप्पांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो शेवटपर्यंत काढला नाही. गाडीत परतताना उच्छलच्या पुढे कुठेतरी ते म्हणाले, त्या यात्रेत तिकिटाचे पैसे मी चाचाला द्यायला गेलो होतो, त्याने घेतले नाहीत. सत्तावीस वर्षांत ही गोष्ट ते पहिल्यांदा बोलले होते.

निळ्या खोळीची उशी अजून माझ्या घरी आहे. खोळ तीनदा बदलली, आतला कापूस तोच आहे.

तुम्ही हा चित्रपट पाहिला असेल. पुन्हा पाहाल तेव्हा शीशमहाल बघाच, मधुबालाला बघाच. पण सुरुवातीला पृथ्वीराज कपूर वाळूतून चालत येतात, ते खोटं नव्हतं. तापल्या वाळूत ते खरोखर अनवाणी चालले आणि त्यांच्या तळव्यांना फोड आले. तिथे त्यांच्या मुकुटाकडे बघू नका. पाय बघा.